विषमता, सत्ता आणि हिंसा: संशोधन-फेलोशिपचा अर्ज गोव्यातून करताना

अर्ज हातात घेण्याआधी ती फेलोशिप संशोधनाच्या कोणत्या टप्प्यासाठी आहे, हे पडताळून पाहावे. नेट परीक्षेतून मिळणारी यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपयांची आहे; ती पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांसाठी असते आणि तिथे हिंसेसारख्या एकाच विषयाचे बंधन नसते. न्यूयॉर्कचे हॅरी फ्रँक गुगेनहाइम फाउंडेशन मात्र हिंसेच्या अभ्यासालाच निधी देते, आणि नवोदित संशोधकांसाठीची त्याची फेलोशिप प्रबंधलेखनाच्या अखेरच्या वर्षापुरती असते. ज्याचे क्षेत्रकार्य अजून व्हायचे आहे, त्याने तिथे आताच अर्ज करण्यात अर्थ नाही.

यानंतरचे खरे काम म्हणजे प्रश्न. 'गोव्यातील जमीन आणि विषमता' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. परीक्षकाला विषमता, सत्ता आणि हिंसा या तिन्ही शब्दांमधील दुवा एका ठिकाणी, एका नात्यात दिसावा लागतो. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांचेच नाते घ्या. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. मग ज्या घराची मुंडकार म्हणून नोंदणीच झालेली नाही तिथे भाटकाराच्या शब्दाला किती वजन उरते, दुरुस्ती किंवा पायवाट अडवून दबाव आणला जातो का, आणि तो दबाव मारहाणीपर्यंत कोणत्या परिस्थितीत पोहोचतो, असे विचारले की विषमता, सत्ता आणि हिंसा एकाच साखळीत येतात. इथे हिंसेची व्याख्याही पहिल्याच पानावर द्यावी. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसेची, म्हणजे कोणी थेट न मारताही समाजरचनेतूनच होणाऱ्या हानीची, कल्पना उपयोगी आहे. पण प्रत्येक अन्यायाला हिंसा म्हटले की मोजायला काहीच उरत नाही, आणि माझ्या मते बरेच प्रस्ताव इथेच सैल पडतात.

साधनांविषयी थोडक्यात, पण नेमके लिहावे. जुन्या कागदपत्रांसाठी पणजीचे पुराभिलेखागार आहे, मात्र तिथला मोठा भाग पोर्तुगीजमध्ये असल्याने ते कोण वाचणार हे सांगावेच लागते. मुंडकार प्रकरणे मामलेदार कचेरीत मिळतात. आकडेवारी वापरताना लक्षात ठेवावे की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरी जाऊन स्त्रियांनाच घरगुती हिंसेविषयी विचारते. दोन्हींत पडणारी तफावत हा स्वतंत्र अभ्यासविषय होऊ शकतो.

सर्वाधिक विचार नीतिविषयक भागावर खर्च करावा, कारण गोवा लहान आहे. 'माहिती देणाऱ्यांची नावे बदलली जातील' हे वाक्य इथे पुरेसे नाही: वाडा, आडनाव, देवस्थानातील मान आणि खटल्याचे वर्ष यांपैकी दोन गोष्टी कळल्या तरी तालुक्यातील जाणकार वाचक ते घर ओळखतो. म्हणून गावाचे नाव गाळणे, दोन घरांचे तपशील एकत्र करणे, काही प्रसंग मुळीच न छापणे, यांपैकी काय करणार हे प्रस्तावातच लिहावे. भाटकार आणि मुंडकार या दोघांशी बोलायचे असेल तर कोणाकडे आधी जाणार आणि एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत पोहोचणार नाही याची तजवीज काय, हेही सांगावे. गुप्ततेचे वचन बिनशर्त देता येत नाही: मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे, आणि ही अट संमतिपत्रात मुलाखतीपूर्वी, कोंकणीत वा मराठीत, त्या व्यक्तीला समजेल अशा शब्दांत यायला हवी. त्रास झालेल्या माणसाला बोलते करून निघून जाणे ही पद्धत असू शकत नाही. समुपदेशनासाठी कोणाकडे पाठवणार, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे.

अंदाजपत्रकात पोर्तुगीज अनुवादकाचे मानधन, मुलाखती ऐकून उतरवून घेणे आणि प्रवास हे खर्च मोकळेपणाने दाखवावेत. ते लपवून रक्कम कमी केल्याने अर्ज बळकट होत नाही. उलट काम होणार कसे, अशी शंका येते. वेळापत्रकात पावसाळ्यातील शेतीचे दिवस आणि पंचायत निवडणुकीचा काळ मुलाखतींसाठी धरू नये. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना कच्चा प्रस्ताव आधीच वाचायला द्यावा. निव्वळ चारित्र्याची वाखाणणी करणारे पत्र परीक्षकाला काहीच सांगत नाही.