सहाव्या जागेपासून सुरुवात करा: बायोकेमिस्ट्री घेणाऱ्या नव्या मुलांसाठी

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनचा आलेख एस अक्षरासारखा का येतो?" मी म्हणाले, "कोऑपरेटिव्हिटीमुळे." "म्हणजे काय होतं?" मी गप्प. शब्द पाठ होता, पण आत काय हलतं ते मला माहीत नव्हतं. त्या वर्षी न्यूक्लिक ॲसिड, एन्झाइम आणि हिमोग्लोबिन या तिन्ही धड्यांच्या माझ्या वेगळ्या वह्या होत्या आणि एका वहीचा दुसरीशी काही संबंध नव्हता.

ते तीन धडे एक झाले ते एमएस्सीला असताना, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सिकलसेल तपासणी शिबिरात. सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: हिमोग्लोबिनची बीटा साखळी धरा आणि तिच्या मागे मागे सगळा अभ्यासक्रम फिरा.

हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं प्रथिन आहे, त्यातल्या दोन बीटा. एका बीटा साखळीत 146 अमिनो ॲसिड असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड हवं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतं, कारण जीनमधल्या जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी झालेलं असतं. ए जाऊन टी आला, बदल एवढाच. इथे नवी मुलं हमखास अडखळतात. जीनमध्ये मोजलं तर तो सातवा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा सातवा गट, निघतो, कारण साखळीच्या सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापलं जातं आणि जुन्या पद्धतीत ते मोजत नाहीत. नव्या अहवालांत 7 लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका, जागा तीच आहे. कोडॉनचा तक्ता पाठ करण्यात मी दोन आठवडे घालवले होते. त्याऐवजी डीएनएचा एक धागा, त्यावरून आरएनए आणि त्यावरून साखळी असं या एका जागेचं चित्र हाताने काढलं असतं, तर एका संध्याकाळीत काम झालं असतं.

आता प्रभाराकडे बघा. ग्लुटामिक ॲसिडवर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर नसतो. एका हिमोग्लोबिनमध्ये दोन बीटा साखळ्या, म्हणजे दोन ऋण प्रभार कमी झाले. म्हणून पीएच 8.6 ला इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे विजेच्या ओढीने रेणू सरकवून वेगळे केले, की सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकतं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये हाच फरक दाखवून या आजाराला रेणूचा आजार म्हटलं. फरक नेमक्या कोणत्या अमिनो ॲसिडमध्ये आहे, ते पुढच्या दशकात व्हर्नन इंग्रम यांनी शोधलं. वाहकाच्या, म्हणजे एकाच पालकाकडून हा बदल आलेल्या माणसाच्या, नमुन्यात नेहमीच्या आणि सिकल हिमोग्लोबिनचे असे दोन पट्टे दिसतात. ते मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा पॉलिंग मला पहिल्यांदा कळले.

व्हायवातल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे, आणि या भागाला मनापासून वेळ द्या. ऑक्सिजन नसताना हीममधलं (प्रत्येक साखळीतल्या, ऑक्सिजन धरणाऱ्या चकतीसारख्या भागातलं) लोह त्याच्या चकतीच्या पातळीबाहेर किंचित डोकावत असतं. ऑक्सिजन बसला की ते आत ओढलं जातं. त्याच्याशी जोडलेलं हिस्टिडिन ओढलं जातं, हिस्टिडिनबरोबर साखळीचा एक सर्पिल भाग सरकतो, आणि तो धक्का शेजारच्या साखळ्यांपर्यंत पोचतो. मग पुढच्या ऑक्सिजनला बसणं सोपं जातं. म्हणून ऑक्सिजनचा दाब वाढवत नेला की आलेख आधी रेंगाळतो आणि मग झपाट्याने चढतो. स्नायूतल्या मायोग्लोबिनला एकच साखळी असते, धक्का द्यायला शेजारी कुणी नाही. त्यामुळे त्याचा आलेख साधा चढून सपाट होतो, अगदी मायकेलिस आणि मेंटेन यांनी 1913 मध्ये मांडलेल्या एन्झाइमच्या आलेखासारखा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. हिमोग्लोबिन निम्मं भरतं तो ऑक्सिजनचा दाब साधारण 26 ते 27 मिलिमीटर पारा. तो आकडा समजला की एन्झाइमचा केएमही (एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तेव्हाची त्याच्या सब्स्ट्रेटची तीव्रता) समजतो, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: निम्म्यावर यायला किती लागतं?

एन्झाइमसाठी लांब जायची गरज नाही. लाल पेशीतच कार्बोनिक अनहायड्रेज असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे 10 लाख कार्बन डायऑक्साइड रेणू पाण्याशी जोडतो. त्यातून सुटलेले प्रोटॉन हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतात. हाच क्रिस्टियान बोहर यांच्या नावाचा बोहर परिणाम, 1904 चा. एन्झाइमचे वर्ग आणि त्यांची लांबलचक नावं परीक्षेपुरती करा, त्यात अडकू नका.

ऑक्सिजन सुटला की सिकल हिमोग्लोबिनचं खरं रूप दिसतं. ते व्हॅलिन पाण्यापासून लांब पळणारं. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर फिनिलअलॅनिन आणि ल्युसिनचा एक खळगा असतो, त्यात ते जाऊन बसतं. रेणूला रेणू जुळत दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. नळीतली सोल्युबिलिटी टेस्ट यावरच चालते. डायथायोनाइटने ऑक्सिजन काढला की द्राव गढूळ होतो आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. मात्र या टेस्टवरून वाहक कोण आणि रुग्ण कोण ते ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) लागतंच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिताना ही चूक मी स्वतः केली आहे.

शिबिरात एक बाई मोठ्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मांडीवर चार महिन्यांचं बाळ होतं. मुलाची नळी गढूळ झाली. त्या म्हणाल्या, "ताई, हिचीबी पाहून घ्या ना लगेच." मी नळी उचलली. आमच्या तंत्रज्ञ मॅडमनी माझा हात थांबवला आणि विचारलं, "बाळाच्या रक्तात आत्ता कोणती साखळी जास्त असेल, सांग." गॅमा. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा असते आणि जन्मानंतर काही महिने ती रेंगाळते. बीटा कमी म्हणजे सिकल हिमोग्लोबिनही कमी, आणि नळी खोटी स्वच्छ राहू शकते. त्या आईला "काही नाही" असं सांगून आम्ही घरी पाठवलं असतं.

मी नळी खाली ठेवली. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले आणि नमुन्यावर एचपीएलसीसाठी चिठ्ठी लावली.