जन्मठेपेनंतर जामीन मागताना या चुका टाळा

पुण्यात शिवाजीनगरच्या सेशन कोर्टात खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली की घरचे वकिलाला म्हणतात, "इथेच जामिनाचा अर्ज टाका." त्यात दिवस वाया जातात. शिक्षा देणारं कोर्ट अपिलापुरता जामीन देऊ शकतं, पण तो तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत किंवा गुन्हाच जामीनपात्र असेल तर. जन्मठेपेत आधी उच्च न्यायालयात अपील आणि त्याच्यासोबत शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचा अर्ज, हाच रस्ता आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४३०. कोल्हापूरला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात येत नाही. आपली अपिलं मुंबईलाच जातात.

मुदत ६० दिवसांची, फाशी झाली असेल तर ३०. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती लगेच मागून घ्या. पैसे जमेपर्यंत थांबू नका. येरवड्यातून कारागृह अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं आणि कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मुदत उलटलीच, तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र अर्जाच्या मजकुरात असते. खटल्याच्या वेळचाच जामीन अर्ज तारखा बदलून पुन्हा दिला जातो: घरात कमावता एकटाच, आई आजारी, पूर्वी जामिनावर असताना एकही अट मोडली नाही. हे सगळं खरं असतं, आणि आईची अवस्था बघवत नाही. पण दोषी ठरल्यावर निर्दोषत्वाचं गृहीतक उरत नाही. खटल्यात जामिनावर नीट वागला याला फारसं महत्त्व नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने किशोरीलाल प्रकरणात २००४ मध्ये सांगितलं आहे. न्यायमूर्ती बघतात ते वेगळंच: निकालात वरवर पाहताच दिसणारी, अपील टिकण्याची शक्यता दाखवणारी ठळक त्रुटी आहे का? एकमेव प्रत्यक्षदर्शीचं नाव फिर्यादीत नाही, हत्याराची जप्ती सांगणारा पंच फितूर झाला, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी मध्येच तुटली, असं काही. म्हणून साक्षींच्या नकला काढा, निकाल परिच्छेदागणिक वाचा, आणि दोनतीनच मुद्दे पानांच्या क्रमांकासह मांडा. पंचवीस मुद्द्यांत चांगला मुद्दा हरवतो. संपूर्ण पुरावा नव्याने तोलणं या टप्प्यावर होत नाही, ते अंतिम सुनावणीचं काम.

सरकारी वकिलांना लेखी विरोध करण्याची संधी दिल्याशिवाय अशा गुन्ह्यात जामीन होत नाही. त्यामुळे पहिल्याच तारखेला सुटका होईल, असं घरी सांगू नका.

अर्ज फेटाळला तर पुढच्या अर्जात ते लपवू नका. लपवलेलं उघड झालं की कोर्टाचा विश्वास जातो. दुसऱ्या अर्जाला नवीन कारण लागतं, आणि अपील वर्षानुवर्षं सुनावणीला न येणं हे भक्कम कारण आहे. कश्मीरा सिंग प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, वाजवी वेळेत अपील ऐकता येत नसेल, तर सबळ कारण नसल्यास माणसाला सोडायला हवं. त्यासाठी येरवड्यातून किती शिक्षा भोगून झाली याचा दाखला आणि वर्तणुकीचा अहवाल मागवा. मध्ये कधी रजेवर सुटला असेल, तर वेळेवर परतल्याच्या नोंदीही जोडा.

जामीन झालाच, तर बाहेर काढलेला काळ शिक्षेत मोजला जात नाही, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा. जामीनदाराची कागदपत्रं आदेशाची वाट न पाहता तयार ठेवा.