इंदूरात जुनी स्कॉर्पिओ घेताय? आधी सन बघा, मग रंग

स्कॉर्पिओ बघायला गेलात की चमक बघून भुलू नका, आधी आरसी मागा आणि सन बघा. नाव २००२ पासून एकच असलं तरी आतून गाड्या वेगवेगळ्या आहेत, आणि पुढची जाळी नि लाईट बदलून जुनीला नवीन दाखवणारे भरपूर आहेत.

जून २००२ ला महिंद्राने ही काढली, नाशिकला बनायची, २.६ लिटर टर्बो डिझेल, १०९ बीएचपी. तोवर महिंद्रा म्हटलं की जीपच डोळ्यासमोर यायची, आणि आपल्याच इंजिनिअर लोकांनी अशी गाडी उभी केली याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढे कॉमन रेल (डिझेल फवारण्याची सुधारलेली पद्धत) आलं, मग २००९ च्या सुमारास २.२ लिटर एमहॉक इंजिन. त्याच्या आधीची मी तरी कुणाला घ्या म्हणणार नाही, तिची पंधरा वर्षं कधीच झालीत, म्हणजे फिटनेस आणि रिन्युअलची धावपळ आलीच.

माझ्या मते बजेटमध्ये खरी घेण्यासारखी म्हणजे सप्टेंबर २०१४ नंतरची, कारण तेव्हा चेसिस, म्हणजे खालचा सांगाडाच नवीन आला. २०१७ च्या शेवटी वरच्या मॉडेलला १४० बीएचपी आणि सहा गियर मिळाले. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आली, ती पूर्ण वेगळी गाडी, आणि जुनीच क्लासिक नावाने चालू राहिली, १३० बीएचपी, पण फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) नाही. घरात आजी-आजोबा असतील तर मागचं दार उघडून बघाच, जुन्यात बऱ्याच ठिकाणी आडव्या, समोरासमोरच्या सीटा असतात, ओंकारेश्वरला जाईपर्यंत कंबर धरते. एनमध्ये तिसरी रांग पुढे तोंड करून आहे.

एअरबॅगवर तडजोड नको. २०१६ ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने बिनएअरबॅगची स्कॉर्पिओ आपटून बघितली तर शून्य स्टार, एनला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी पाच. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय असं समजा.

गाडी सकाळी बघायला जा आणि बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर आधीच स्टार्ट करून ठेवलीय, थांबा, थंड होऊ द्या. मग स्टार्ट करून ऑइलचं झाकण उघडा, तिथून भकाभका वाफ येत असेल तर इंजिन थकलंय, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली वाका, चेसिसवर वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर काहीतरी लपवलंय, समजून जा. टेस्ट ड्राइव्ह बायपासवर नको, तिथे सगळ्याच छान पळतात, सिमरोलवरून भेरूघाटात न्या, चढावर टर्बो ओढतो का आणि उतारावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला जाते का ते तिथेच कळतं.

इंदूरचीच, एमपी ०९ नंबरची असेल तर गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, लोन होतं तर ते आरसीवरून काढायला फॉर्म ३५ सोबत बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र). दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर कोर्टाचे निर्बंध आले तेव्हापासून अशा गाड्या इकडे येतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा, आणि ती एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.