खाटेपर्यंत जाणारी यंत्रे : औषध-स्कॅनिंगच्या खरेदीपूर्वीची तयारी

रुग्णालयात खाटेशेजारी औषधांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरची दरपत्रके मागवण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरबरोबर औषधांची एक फेरी पूर्ण चालावी आणि ट्रॉलीवर प्रत्यक्ष काय काय असते ते वहीत उतरवून घ्यावे. रुग्णाच्या ओळखीचा कोड असलेली मनगटपट्टी आणि औषध ही दोन्ही खाटेशेजारी स्कॅन झाली, तरच योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ यांची पडताळणी होते. तेच काम नर्सिंग स्टेशनवर उरकले गेले, तर नोंद बिनचूक दिसते आणि इंजेक्शन मात्र शेजारच्या रुग्णाला दिले जाऊ शकते.

खरेदी समितीत वॉर्डातील सिस्टर असाव्यातच. मुळात ही कल्पना एका परिचारिकेची आहे : अमेरिकेतील टोपेका येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांना ती १९९२ मध्ये, भाड्याची मोटार परत घेताना वापरला जाणारा हातातील स्कॅनर पाहून सुचली.

सर्वाधिक वेळ औषधांवरील कोडसाठी राखावा. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक असून त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत संपण्याची तारीख असते. परंतु आतल्या वेष्टनावर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर चालतो, आणि खोके फार्मसीतच राहते. दहाच्या पट्टीतील दोन गोळ्या कापून वॉर्डात आल्या, तरी कोड बहुधा उरलेल्या तुकड्यावरच असतो. ही अडचण कितीही महागड्या स्कॅनरने सुटत नाही. एकेका मात्रेची पाकिटे करणे, त्यासाठीचा लेबल प्रिंटर आणि ते काम करणारा माणूस हा खर्च म्हणूनच आधी मांडावा. तेथे दोघांनी तपासण्याची पद्धतही हवी, कारण पाकिटावर चुकीचे लेबल लागले, तर खाटेजवळचे स्कॅन त्या चुकीलाच मान्यता देईल.

लेसर स्कॅनर केवळ रेघांचा बारकोड वाचतो. क्यूआर व डेटामॅट्रिक्स या चौकोनी कोडसाठी टू-डी इमेजर, म्हणजे कोडचे चित्र टिपून वाचणारा स्कॅनर, घ्यावा. चाचणीला विक्रेत्याचा नमुना कागद न वापरता आपल्याच फार्मसीतील चकचकीत फॉइल, गोल व्हायल आणि सुरकुतलेली मनगटपट्टी द्यावी. रात्री रुग्णांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून कंपनावर चालण्याची सोय पाहावी. आणखी एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही : बहुतेक यूएसबी स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखेच भासतात, त्यामुळे नाव मराठीत टाइप करून कीबोर्डची इनस्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी तशीच राहिली, तर कोडमधील इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे उमटतात.

डायरेक्ट थर्मल, म्हणजे शाईविना उष्णतेने छापल्या जाणाऱ्या, मनगटपट्टीवर संरक्षक थर असावा, नाहीतर सॅनिटायझरने छपाई पुसट होते. माझ्या पाहण्यातील एका रुग्णालयात पट्ट्या दुसऱ्याच दिवशी वाचल्या जाईनात, तेव्हा प्रत्येकीची जादा प्रत वहीत चिकटवून तेथूनच स्कॅन होऊ लागले. दोष सिस्टरना दिला गेला. तो पट्टी निवडणाऱ्यांचा होता, असे मला आजही वाटते. पट्टीचा प्रिंटर कॅज्युअल्टीतही ठेवावा, कारण आपल्या नाशिकमध्ये २०२६-२७ च्या सिंहस्थात ओळख न पटलेले रुग्ण येतील आणि त्यांना तात्पुरत्या क्रमांकाची पट्टी लगेच बांधावी लागेल.

संगणकाची ट्रॉली घेण्यापूर्वी दोन खाटांमधील अंतर टेपने मोजावे. जुने नाशिक व पंचवटीतील अरुंद इमारतींत ट्रॉली दारातच अडत असेल, तर हातात मावणारे, स्कॅनरसह येणारे उपकरण बरे. बॅटरी पूर्ण पाळी टिकावी आणि यंत्र चालू असताना बदलता यावी. चार्जिंगचे सॉकेट जनरेटरच्या लाइनवर असावे. रुग्णापासून दीड मीटरच्या आत वापरायच्या विजेच्या उपकरणासाठी आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा-मानकाचे प्रमाणपत्र मागावे. वॉर्डात वापरले जाणारे ७० टक्के अल्कोहोल व हायपोक्लोराइट त्या प्लास्टिकला चालते, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. वाय-फाय प्रत्येक खाटेजवळ, पडदे ओढून आणि दारे लावून तपासावे.

शेवटी एकाच वॉर्डात आठवडाभर तिन्ही पाळ्यांत चाचणी घ्यावी, न वाचलेला प्रत्येक कोड कारणासह नोंदवावा, आणि नेटवर्क बंद पडल्यास वापरायचा छापील औषध-तक्ता कोणत्या कपाटात आहे हे तिन्ही पाळ्यांना माहीत असल्याची खात्री करूनच खरेदीच्या आदेशावर सही करावी.