होया फुलत नाही? या चुका टाळा

घरामागे आंब्याची दाट सावली, त्यामुळे तिथे बारा महिने हिरवी राहून फुलणारी वेल म्हणून मी होया लावली. आता आमच्या रामबाग भागातलं कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, आमच्या होयाला फुलं का येत नाहीत?" मी आधी विचारते, जुने खुंट कापलेत का?

फुलांचा झुबका गळला की मागे पेराएवढा खडबडीत खुंट उरतो. वाळका दिसतो, पण जिवंत असतो, आणि पुढच्या हंगामात कळ्या त्याच्याच टोकाला धरतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माळीदादांनी काडीकचरा समजून सगळे खुंट छाटले. मी मागे गेले तेव्हा कापांतून पांढरा चीक ठिबकत होता. रुईच्या कुळातली वेल ही. खाली पडलेले सतरा खुंट मी मोजले. पुढच्या उन्हाळ्यात एक फूल नाही, त्यानंतर कसेबसे दोन झुबके. माळीदादांना आधी सांगायला हवं होतं. आता कात्री हातात घेणाऱ्याला मी वेलीपाशी नेते आणि खुंट बोटाने चाचपायला लावते.

दुसरी चूक मातीची. आमच्या माळव्याची काळी माती गहू-हरभऱ्याला सोनं, पण होया मूळची झाडांच्या खोडांवर वाढणारी. पावसाळ्यात ही माती पाणी धरून बसते, मुळं कुजतात, पानं लुळी पडतात आणि लोक तहानली समजून आणखी पाणी घालतात! मी नारळाच्या शेंड्या, विटांचे तुकडे, कोळसा आणि मूठभर गांडूळखत घेते, अंदाजानेच. कुंडी सहा इंची पुरे. मुळं दाटीत असली की ती चांगली फुलते.

सावली म्हणजे अंधार नव्हे. सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या, मे महिन्यातलं दुपारचं नको.

बिनपानांच्या लांब शेंड्या कापू नका, पानं मागाहून येतात. कळ्या दिसल्या की कुंडी हलवू नका.

फेब्रुवारीत होयाचं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं एकच पान कुंडीत रोवून विकतात. पानाला खोडाचा डोळा, म्हणजे अंकुर फुटायची जागा, नसेल तर ते वर्षानुवर्षं हिरवं राहील, वेल कधीच होणार नाही. आणि सहा महिन्यांत फुलं हवीत म्हणून खतं ओतणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. कलमाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, तेवढी द्या.

पानांच्या बेचक्यात मिलीबग (पांढरी, कापसासारखी कीड) दिसले तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढा. खुंटाजवळ हात हलका ठेवा.