आधी दुपारची झोप, मग पाचगणी

लेक दीड वर्षाची असताना आम्ही महाबळेश्वरला गेलो, तेव्हा माझ्या खिशात आठ पॉइंटांची यादी होती. दोनच झाले. एकावर ती झोपली होती, दुसऱ्यावर रडत होती. परत आल्यावर हॉटेलच्या पायरीवर तिला मुंग्यांची रांग दिसली आणि पाऊण तास ती तिथून हलली नाही. पुढच्या खेपेला यादी घरीच ठेवली. तीन वर्षांच्या आतलं मूल घेऊन पुण्याहून डोंगरात जायचं, तर सहल त्याच्या झोपेभोवती बांधावी. आम्ही ती अशी बांधतो.

१. ठिकाण एकच, रात्री दोन

लोणावळा जवळ आहे, पण शनिवार-रविवारी तिथली निम्मी सहल गाडीतच होते. माझं मत पाचगणीला. अंतर सुमारे १०० किलोमीटर, उंची १,३०० मीटरच्या आसपास, त्यामुळे हवा पुण्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड. महाबळेश्वरच्या अलीकडे असल्याने पुढची वळणंही वाचतात. माथेरानला मोटारींना बंदी आहे हे सुख खरं, पण दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून सामान आणि कडेवरचं मूल सांभाळत पुढे जायचं म्हणजे आईबापांची सुट्टी तिथेच संपते. पोर नीट चालायला लागल्यावर जा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, नाताळचा आठवडा सोडून. जमलं तर सोमवार ते बुधवार. पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं आणि खोलीत चड्ड्या वाळत नाहीत.

२. खोली फोटोवर नाही, फोनवर ठरवा

चार गोष्टी विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? गॅलरीच्या कठड्याच्या गजांत किती अंतर आहे? पलंग भिंतीला लावता येईल का? स्वयंपाकघरातून अवेळी गरम पाणी आणि बिनतिखटाचा मऊ भात मिळेल का? ‘व्हॅली व्ह्यू’साठी जास्तीचे पैसे मोजू नका. मुलाला दरी दिसत नाही, कठडा दिसतो. जवळच्या डॉक्टरांचा नंबरही तेव्हाच मागून घ्या.

३. घाट झोपेत काढा

सगळी मेख इथे आहे. आमची लेक साडेबाराला झोपते, म्हणून आम्ही नाश्ता करून नऊला निघतो. खेड शिवापूरचा टोल, खंबाटकी घाट, मग सुरूर फाट्याला वळून अकराच्या सुमारास वाई. तिथे तासभर थांबायचं. ढोल्या गणपतीचं दर्शन, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर चढ-उतार (एक मोठं माणूस सतत पाण्याच्या बाजूला), मग चार घास वरणभात. दमलेलं पोर पसरणी घाट लागेपर्यंत डोळे मिटतं. वाई ते पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर आहे. खोलीवर पोचलं की उचलून तसंच पलंगावर.

वाईत दूध मात्र पाजू नका. आम्ही एकदा बाटली दिली आणि तिसऱ्या वळणावर ती सगळी आजीच्या नव्या साडीवर आली. गाडी लागते ती बहुधा दोन वर्षांनंतरच्या मुलांना, पण लवकर लागणारीही असतात. जाग असेल तर मोबाइल काढून घ्या, काच थोडी खाली करा, लांबचं झाड दाखवा. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा उद्योग नको. दोन वर्षांखाली तशी औषधं धोक्याची ठरू शकतात, आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि मूल रडलं तरी घाटात कार सीटमधून काढून मांडीवर घेऊ नका. दोन मिनिटं गाडी बाजूला थांबवलेली बरी.

४. पिशवी

घरचं खिमट, मेतकूट, तुपाची छोटी डबी, कुरमुरे. कानटोपी आणि एक जुनं दुपटं, कारण अनोळखी खोलीत झोप त्या वासाने येते. ओआरएस, थर्मामीटर, तापाचं नेहमीचं औषध. टॉर्च. कपडे गडद रंगाचे घ्या. इथली जमीन जांभ्याची, माती लाल.

५. दिवसाला एकच बाहेर पडणं

पहिल्या दिवशी काहीच नाही. बाग, पायरी, मुंग्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टेबल लँड, घोड्यांची गर्दी व्हायच्या आत. सपाट पठार असल्याने पोर धावतं, पडलं तरी फार लागत नाही. मात्र काठाकडे जाताना ते कडेवरच हवं. माकडं दिसली तर हातातला खाऊ आधी पिशवीत. दहाला परत, मग जेवण आणि झोप. संध्याकाळी उत्साह उरलाच तर भिलार: २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. हंगाम असेल तर वाटेत स्ट्रॉबेरी घ्या, पण धुऊनच द्या, आणि पहिल्यांदाच देत असाल तर एखादीच. महाबळेश्वरला ‘आलोच आहोत तर’ म्हणून जाऊ नका. त्या ‘तर’नेच आमची पहिली सहल बुडवली होती.

६. परतताना

तीच वेळ, उलट दिशेने: झोपेच्या थोडं आधी निघा म्हणजे घाट पुन्हा झोपेत जाईल. रविवारची संध्याकाळ टाळा. आणि लाल मातीचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधा. आम्ही सगळं एकत्र मशीनला लावलं होतं. माझे दोन पांढरे शर्ट अजून तांबूस आहेत.