चुनखडकातून कोनोडॉन्टचे दात कसे काढावेत

कोनोडॉन्ट म्हणजे वाम माशासारखा लांबोडका, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी. त्याचे दात काढायचे तर सर्वांत आधी दगड योग्य हवा. पुण्याच्या काळ्या कातळात काही सापडणार नाही, आणि शेतातली चुनखडी म्हणजे मातीत साचलेले खडे, समुद्राचा गाळ नव्हे. वणी-चंद्रपूरकडचा पैनगंगा चुनखडक समुद्री खरा, पण तो कॅम्ब्रियनपूर्व, म्हणजे फारच जुना. कोनोडॉन्ट तेव्हा जन्मालाच आला नव्हता, आणि ट्रायसिकच्या अखेरीस, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी, तो संपलाही. तेव्हा स्पिती किंवा काश्मीरचा ट्रायसिक चुनखडक कॉलेजमार्फत, रीतसर परवानगीनेच मिळवा.

1 किलो दगडाचे सुपारीपेक्षा जरा मोठे तुकडे करा. भुगा केलात तर दातही फुटतील. बोहरी आळीतून 20 लिटरची प्लास्टिकची बादली आणा आणि तुकडे जाळीवर, तळापासून वर ठेवा. ग्लेशियल (जवळजवळ शुद्ध) अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पाण्यात 10 टक्के करा. आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड, उलट कधीच नाही. हातमोजे, गॉगल, मोकळी हवा हवीच. पुण्याच्या थंडीत बाटली गोठलेली दिसली तर घाबरू नका, हे अ‍ॅसिड 16.6 अंशांनाच गोठतं. बाटली कोमट पाण्यात उभी करा. शेगडीजवळ नेऊ नका, वाफ पेट घेते.

खरी गोम पुढे आहे. दात फॉस्फेटचे असतात. नुसतं ताजं अ‍ॅसिड त्यांनाही खातं आणि मग कडा झिजलेले, पांढुरके तुकडे हाती येतात. म्हणून सुरुवातीलाच कॅल्शियम कार्बोनेटची पूड थोडी थोडी, सामू (pH) 3.6 वर येईपर्यंत घाला (फळ्याचा खडू नको, तो बहुधा जिप्समचा असतो). पुढेही सामू त्याखाली जाऊ देऊ नका. 1 किलो शुद्ध चुनखडकाला सुमारे 1.2 किलो अ‍ॅसिड लागतं, म्हणजे हे द्रावण 12 लिटर, आणि पूड खाईल ते वेगळं. एकदाच भरून काम भागत नाही, द्रावण बदलावं लागतं. द्रावण बदलताना जुनं थोडं राखून नव्यात मिसळा, पूड वाचते.

तळचा गाळ 1 मिलिमीटर आणि 75 मायक्रॉनच्या चाळण्यांतून हलक्या धारेखाली धुवा आणि 75 मायक्रॉनच्या चाळणीवर उरेल तो ठेवा. बोटाने चोळायचं नाही. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. गाळात कॅल्शियम उरलं तर पुढे लागणारं सोडियम पॉलीटंगस्टेट (हलके-जड कण वेगळे करणारा जड द्राव) गढूळ होऊन वाया जातं, आणि ते चांगलंच महाग आहे. वाळलेला गाळ 2.8 घनतेच्या या द्रावात टाका: क्वार्ट्झ, कॅल्साइट तरंगतात, दात बुडतात. डोलोमाइट हे खनिजही बुडतं, त्याला इलाज नाही.

बुडालेलं धुऊन, वाळवून, काळ्या ताटलीत स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहा. मधाच्या रंगापासून काळ्यापर्यंत, चकचकीत, फणीसारखे दातेरी तुकडे ओल्या 000 ब्रशने उचला. रंग फेकण्यासारखा नाही: खडक जितका तापला तितका दात गडद.

दुसरा नमुना घेण्याआधी चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवा. मागचा कण अडकून राहिला असेल तर तो निळा दिसेल आणि नव्या नमुन्यात मोजला जाणार नाही.